२३ दिवस ‘पडताळणी सुरू आहे’ : साताऱ्यात मावशी शोधतानाचा माझा अनुभव

जूनअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मी एका ॲपवरून माझ्या लेकीला सांभाळणारी मावशी शोधत होते. मावशी मिळाल्या आणि चांगल्या मिळाल्या. पण मधले २३ दिवस आठवले की अजून डोकं तापतं. साताऱ्यातली, कराडची, कोरेगावची कुणी रजा संपत आलेली आई हे वाचत असेल, तर तिचे तरी ते दिवस वाचावेत म्हणून लिहितेय.

मी सीएच्या ऑफिसात काम करते. प्रसूती रजा २६ आठवड्यांची. त्यातले ४ मी बाळंतपणाआधीच घेतले होते, त्यामुळे लेक पाच महिन्यांची होताच १६ ऑगस्टला रुजू व्हायचं होतं. ऑडिटचे दिवस आमच्यात कसे असतात ते या कामातल्या माणसांना सांगायला नको. ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबरची शेवटची तारीख ऑगस्टपासूनच डोक्यावर बसते. रजा वाढवून मागायची सोय नव्हती. कायद्याने ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते ती ५० किंवा जास्त कर्मचारी असले तर. आम्ही १४ जण. नवरा पुण्याला, शनिवारी येतो. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. गोडोलीत आणि सदरबझारला पाळणाघरं बघून आले, पण दोन्हीकडे एक वर्षाच्या आतलं बाळ घेत नव्हते.

मग ॲप. ४१५००१ पिनकोड टाकला तर पहिल्या पानावर सगळ्या बायका हडपसर आणि कोथरूडच्या. अंतराचं बटण खाली दडलेलं असतं, ते आधी १० किलोमीटरवर आणा. आणल्यावर सहा उरल्या. दोघींचे फोन बंद, एक फक्त बाळ-बाळंतिणीची मालिश करणारी, दोघींना आधीच काम लागलेलं. सहाव्या करंज्यात राहणाऱ्या मावशी. फोन नंबर दिसण्यासाठी तीन महिन्यांचा १,४९९ रुपयांचा प्लॅन घ्यावा लागला. मावशी घरी आल्या, हात धुऊनच लेकीला घेतलं, मान कशी धरायची हे मला सांगावं लागलं नाही. माझं मन तिथेच ठरलं.

नवऱ्याने एकच अट घातली, पोलिसांचा दाखला पाहिजे. मलाही ते पटलं. पाच महिन्यांचं लेकरू काय झालं ते सांगू शकत नाही.

ॲपवर मावशींच्या नावापुढे एक हिरवी खूण होती, ‘ओळख पडताळली’. तिच्याखाली नारिंगी अक्षरात ‘पोलीस पडताळणी सुरू आहे, ७२ तासांत पूर्ण होईल’. ही ओळ मी ४ जुलैला पहिल्यांदा वाचली. म्हटलं तीन दिवस थांबू. ७ तारखेला तीच ओळ. ८ ला चॅटवर विचारलं, तर यंत्राचं उत्तर आलं : आपली विनंती नोंदवली आहे. ११ ला मावशींना पुन्हा आधार कार्डाचा फोटो पाठवायला सांगितलं. त्यांनी पाठवला. १४ ला परत तेच. फोन लावला की आधी मराठी-हिंदी निवडा, मग आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग गाणं, मग फोन कट. एकदा एक मुलगी बोलली, तिने ‘मॅडम, बॅकएंडला टाकते’ म्हणून नवा तक्रार क्रमांक दिला. असे माझ्याकडे पाच क्रमांक झाले.

बाहेर धो धो पाऊस, अजिंक्यतारा चार-चार दिवस ढगात, घरात दुपटी वाळत नाहीत, आणि मी रात्री दूध पाजता पाजता फोनवर ती नारिंगी ओळ बघत बसायची. माझ्याइतकंच नुकसान मावशींचंही होत होतं. त्यांना शाहूपुरीतून दुसरं काम आलं होतं, ते त्यांनी माझ्या शब्दावर सोडलं. एक दिवस फोन करून म्हणाल्या, “ताई, म्या चार येळा फोटू पाठिवला. त्यांचं एकच, थांबा म्हणत्यात. माझ्यावर काय डाग हाय का ओ?” मला काय बोलावं सुचेना. पन्नाशीची बाई, आयुष्यभर लोकांची पोरं सांभाळलेली, आणि एका ओळीपायी स्वतःवरच शंका घेत होती. तो राग मला अजून आहे.

अशाच एका रात्री वाचलं की अमेरिकेतल्या केअर डॉट कॉमवरही हा प्रश्न झाला होता. २००६ साली सुरू झालेली, या धंद्यातली तिथली मोठी कंपनी. २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने तिच्या पडताळणीतल्या त्रुटी छापल्या, आणि कंपनीने पाळणाघरांच्या हजारो नोंदी साइटवरून काढून टाकल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ‘पडताळणी’ या शब्दात नक्की काय काय धरलंय हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. नुसतं ‘कधी होणार’ एवढंच विचारत होते.

ऑफिसात दिवसभर नियमच वाचायचे असतात, ती सवय इथे उपयोगी पडली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा साइटने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. नाव सापडलं, अगदी तळाला, अटी-शर्तींच्या पानावर. चॅटवर भांडत बसू नका, सरळ त्या ईमेलवर लिहा. मी पाचही क्रमांक, तारखा, स्क्रीनशॉट जोडून तीन प्रश्न विचारले : हिरव्या खुणेसाठी काय तपासलं? पोलीस पडताळणी कोण करतं? अर्ज पुढे गेला त्याची तारीख काय? खाली लिहिलं की उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाईन.

दुसऱ्या दिवशी पोच आली आणि २७ जुलैला उत्तर. हिरवी खूण म्हणजे मोबाइलचा ओटीपी आणि आधार कार्डाचा फोटो, बस्स. आणि पोलीस पडताळणी ज्या एजन्सीला दिली आहे, ‘तिची सेवा आपल्या पिनकोडसाठी सध्या उपलब्ध नाही’. म्हणजे अर्ज कुठेच गेला नव्हता! २३ दिवस काहीही सुरू नव्हतं. साताऱ्याचा पिनकोड त्यांना पैसे घेताना चालला होता.

त्यापुढचं आम्ही स्वतःच केलं. चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो, पण तो काम करणाऱ्या बाईंच्याच नावाने भरायचा असतो, आपल्या नव्हे. मावशींचं आधार दहिवडीकडच्या गावच्या पत्त्याचं आणि राहणं करंज्यात, त्यामुळे अडलं. घरमालकांनी भाडेकरार करून दिला आणि मार्ग मोकळा झाला. पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा मी लेकीला घेऊन सोबत गेले. तिथे कुणी वेडंवाकडं बोललं नाही. दाखला ११ ऑगस्टला हातात आला.

तोवर मावशी १ तारखेपासून रोज चार तास, मी घरात असतानाच, येत होत्या. हे जरूर करा, आणि त्या दिवसांचेही पैसे द्या. बाळाला माणूस ओळखीचं व्हायला आठवडा तरी लागतो. आमच्या लेकीने तीन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं, चौथ्या दिवशी मावशींच्या मांडीवर झोपली.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं : मावशींच्या आधीच्या दोन घरी मी स्वतः फोन केले होते. ‘कशा आहेत’ विचारलं तर सगळे चांगल्याच म्हणतात. ‘काम का सुटलं’ आणि ‘बाळ आजारी पडलं तेव्हा काय केलं’ हे विचारा. एका घरच्या आजी म्हणाल्या, नातवाला रात्री ताप चढला तेव्हा मावशी घरी न जाता उशाशी बसून राहिल्या. या एका वाक्याने मला ॲपवरच्या सगळ्या खुणांपेक्षा जास्त धीर दिला. आणि आधारचा नुसता फोटो बघू नका. कार्डावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ॲपने स्कॅन केला की नाव, पत्ता, फोटो खरा आहे का ते लगेच दिसतं. प्रत ठेवायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार घ्या, त्यांचंही काही खासगी असतं.

पैसे परत मागितले. प्लॅनचे १,४९९ सप्टेंबरमध्ये पूर्ण मिळाले, तेही तीन ईमेल लिहून. ‘सेवा उपलब्ध नाही’ हे त्यांचंच उत्तर जोडल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट लेखी घ्या, फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

मावशींनी तो दाखला लॅमिनेट करून घेतला आहे. परवा त्यांच्या गल्लीतल्या दोघीजणी त्यांच्याबरोबर आल्या होत्या, त्यांनाही लहान मुलं सांभाळायचं काम धरायचंय. लेक झोपल्यावर रविवारी दुपारी मी दोघींचे अर्ज भरून दिले. एकीचा भाडेकरार यायचाय.