चाळीस मिनिटं वर का थांबलात?

उतरायच्या आधी मी विमान चाळीस मिनिटं वर का फिरवत ठेवलं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. धावपट्टी समोर दिसत असताना सरळ उतरवलं का नाही, हे त्या विमानातल्या प्रवाशांनी विचारलं, घरच्यांनीही विचारलं. "लोकांना उगाच टांगून ठेवलंत" हे ऐकलं की अजून लागतं.

फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग; ते बाहेर काढले की कमी वेगातही विमान पेललं जातं. त्यांची दांडी मी ५ वरून १५ वर नेली. उजव्या फ्लॅपचा काटा पुढे सरकला, डाव्याचा मागेच राहिला आणि विमान डावीकडे कलू लागलं. फरक वाढायच्या आत यंत्रणेने फ्लॅप आपणहून थांबवले. उरलेला कल एलेरॉनने, म्हणजे पंखांच्या टोकाकडच्या कल सावरणाऱ्या पट्ट्यांनी, सावरला आणि गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो.

एवढ्या कमी फ्लॅपवर नेहमीच्या १४० ऐवजी १७० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) उतरायचं होतं. वेग पाचव्या हिश्श्याने वाढतो, पण ब्रेकवर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ दीडपट. धावपट्टी पुरेल का, हे मांडून बघायला नको? "मग वेग कमी करायचा," असंही सुचवतात. १९७९ साली शिकागोत उड्डाण करताना इंजिन तुटून पडलं आणि डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट, म्हणजे पुढच्या कडेचे फ्लॅपसारखेच भाग, आत गेले. वैमानिकांना ते कळलंच नाही. त्यांनी तेव्हाच्या नियमाप्रमाणे वेग उतरवला, डावा पंख स्टॉल झाला, म्हणजे त्याला पुरेशी उचल मिळेना. २७३ माणसं गेली.

आता जे कुणी विचारत नाही ते. वर घिरट्या घालताना माझा हात पर्यायी फ्लॅपच्या स्विचकडे गेला. विजेच्या मोटरवर फ्लॅप हलवायची ती सोय. पण आमच्या विमानात त्या मार्गाने दोन बाजूंतला फरक, म्हणजे असिमेट्री, ओळखून फ्लॅप थांबवणारं संरक्षण नसतं. फरक वाढत गेला असता तर विमान उलटायला वेळ लागला नसता. हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवलंय. तरी बोटं स्विचच्या लाल झाकणावर होती.

"सर, नको. असिमेट्री आहे," शेजारची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणाली. आवाज चढवला नाही. मी हात मागे घेतला. मग तिने चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली आणि मी प्रत्येक ओळीला उत्तर दिलं.

ती बोलली नसती तर? पूर्वी मी ठासून सांगायचो, मीच थांबलो असतो. आज तसं म्हणवत नाही. थांबलो नसतो, हेही कबूल नाही. चाळीसांपैकी बरीच मिनिटं आकडेमोडीची होती. काही मात्र माझा हात पुन्हा स्थिर व्हावा म्हणून घेतली. ती किती, ते मलाही सांगता येत नाही.