साच्यात ओतायचे प्लास्टर: भुकटीची निवड आणि पाण्याचा हिशेब

रेल्वे मॉडेलभोवतीचे खडक, छोट्या इमारतींच्या भिंती, पटावरच्या खेळांसाठीच्या फरशा किंवा लहान पुतळे साच्यातून काढू पाहणाऱ्याला सर्वप्रथम एकच प्रश्न पडतो, तो म्हणजे प्लास्टर कोणते घ्यावे. पिशव्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिस, कास्टिंग प्लास्टर, पॉटरी प्लास्टर, डेंटल प्लास्टर, डेंटल स्टोन, जिप्सम सिमेंट अशी नाना नावे असतात, आणि आतील माल सर्वांत पांढरा, सर्वांत बारीक व सर्वांत कठीण असल्याचे आश्वासन जवळजवळ प्रत्येक पिशवी देते. माझ्या मते या नावांपेक्षा पिशवीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेला एक आकडा कितीतरी अधिक सांगून जातो. शंभर भाग भुकटीला वजनाने किती भाग पाणी लागते, हा तो आकडा. ओतीव वस्तूचा कठीणपणा, तिचा सच्छिद्रपणा, तिच्या कडांची धार आणि तिच्यावर रंग कसा बसेल, यांतले बरेचसे त्यावरूनच कळते.

असे का, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहावे लागते. मुळात या सर्व भुकट्या एकाच पदार्थाच्या आहेत. जिप्सम म्हणजे पाण्याचे दोन रेणू बांधून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट. ते सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजले, की बांधलेल्या पाण्यापैकी पाऊण हिस्सा निघून जातो आणि अर्ध्या रेणूइतकेच पाणी उरलेले हेमिहायड्रेट तयार होते. हीच आपली प्लास्टरची भुकटी. तिच्यात पाणी मिसळले, की गेलेले पाणी ती पुन्हा धरते आणि परत जिप्सम होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी आपल्या तरुणपणी, १७६५ साली, विज्ञान अकादमीपुढे वाचलेला निबंध याच विषयावर होता. पुढे १८८० च्या दशकात ल शातलिए यांनी या घट्ट होण्यामागील यंत्रणा स्पष्ट केली. हेमिहायड्रेट पाण्यात थोडेसे विरघळते, पण जिप्सम त्याहून बरेच कमी विरघळते. त्यामुळे विरघळलेला पदार्थ द्रावणात टिकू शकत नाही आणि जिप्समच्या सुईसारख्या स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. हे स्फटिक वाढता वाढता एकमेकांत अडकतात आणि मिश्रण कडक होते. म्हणजे प्लास्टर वाळल्यामुळे घट्ट होत नाही. ते पाण्याखालीही घट्ट होते. वाळणे ही त्यानंतरची, स्वतंत्र आणि बरीच संथ अशी पायरी आहे, आणि या दोहोंतील गल्लत हे ओतकामातील अनेक चुकांचे मूळ आहे.

आता पाण्याचा हिशेब. शंभर ग्रॅम शुद्ध हेमिहायड्रेटचे पुन्हा जिप्सम होण्यासाठी अवघे १८.६ ग्रॅम पाणी पुरते. तेवढ्याच पाण्यात मात्र भुकटी ओलीही धड होत नाही, मग ओतणे तर दूरच. म्हणून जास्तीचे पाणी घालावे लागते आणि ते पुढे उडून गेले, की त्याच्या जागी पोकळ छिद्रे राहतात. शंभर ग्रॅम भुकटीत सत्तर ग्रॅम पाणी घातले, तर त्यातले पन्नास ग्रॅमांहून अधिक पाणी अखेरीस छिद्रांची जागा व्यापते. तीस ग्रॅम घातले, तर जेमतेम साडेअकरा ग्रॅम. दोन्ही ओतिवांत पदार्थ तोच असला, तरी एकावर नखाने ओरखडा उठतो आणि दुसऱ्यावर उठत नाही, याचे मुख्य कारण या छिद्रांत आहे.

मग सगळ्याच भुकट्यांत तीस ग्रॅम पाणी का घालू नये? कारण भुकटीचे कण सारखे नसतात. जिप्सम उघड्या कढईत भाजले, की वाफ झपाट्याने बाहेर पडते आणि ओबडधोबड, भेगाळलेले कण मिळतात. हे बीटा प्रकारचे हेमिहायड्रेट असून साधे प्लास्टर ऑफ पॅरिस त्याचेच असते. तेच जिप्सम बंद भांड्यात दाबाखालच्या वाफेत तापवले, तर घट्ट, नीटस आणि गुळगुळीत स्फटिक तयार होतात, ज्यांना अल्फा प्रकार म्हणतात. ओबडधोबड कण खूप पाणी पितात, तर नीटस कण थोड्या पाण्यातही एकमेकांवरून सहज सरकतात. डेंटल स्टोन आणि मजबूत जिप्सम सिमेंटे यांची मदार या अल्फा कणांवर आहे, आणि ती तयार करण्याचा खर्च अधिक असल्याने त्यांची किंमतही अधिक असते.

आकड्यांत सांगायचे, तर साध्या ओतकामाच्या आणि कुंभारकामाच्या प्लास्टरला शंभर भागांना साधारण ६५ ते ७० भाग पाणी लागते. दंतवैद्यकातील प्लास्टरला ४५ ते ५०, प्रकार ३ च्या डेंटल स्टोनला २८ ते ३० आणि प्रकार ४ च्या स्टोनला २० ते २५ भाग पुरतात. छंदकामात नाव झालेल्या जिप्सम सिमेंटांपैकी हायड्रोकॅलला ४५, अल्ट्राकॅल ३० ला ३८ आणि हायड्रोस्टोनला ३२ भाग पाणी घालतात. पूर्ण वाळल्यावर साधे प्लास्टर चौरस इंचाला सुमारे २,००० पौंडांचा दाब सोसते, हायड्रोकॅल ५,००० आणि हायड्रोस्टोन १०,००० पौंडांचा. पाणी जसजसे घटते, तसतशी ताकद वाढत जाते.

एवढे वाचून सर्वांत कठीण भुकटी घेऊन मोकळे व्हावे असे वाटणे साहजिक आहे. मी मात्र तसे सुचवणार नाही. खडक आणि कडे घडवायचे असतील, तर मला साधे प्लास्टरच अधिक पसंत आहे. ते साच्यातून निघाल्यावर चाकूने खरवडता येते, त्याचे तुकडे करून सांधे लपवता येतात आणि त्याच्या छिद्रांमुळे पातळ रंगाचे थर आत मुरून दगडाचा जो भास निर्माण होतो, तो डेंटल स्टोनच्या दाट पृष्ठभागावर सहजासहजी साधत नाही. चिकणमातीचा घोळ ओतण्यासाठी प्लास्टरचाच साचा करायचा असेल, तर पाणी शोषून घेणे हेच त्या साच्याचे काम असते. तिथे मजबूत सिमेंट वापरणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे होय. याउलट पातळ भिंती, खिडक्यांच्या चौकटी, सतत हाताळल्या जाणाऱ्या फरशा आणि बारीक बोटे असलेले पुतळे यांसाठी अल्फा प्रकारच्या भुकटीवरचा जादा खर्च निश्चित सार्थकी लागतो. काही जण स्टोन आणि साधे प्लास्टर एकत्र करून मधला मार्ग काढतात. तो उपयोगी आहे, फक्त पाण्याचे प्रमाणही दोन्ही भुकट्यांच्या वाट्यानुसार बदलले पाहिजे.

एकमेकांत बसणारे भाग ओतायचे असतील, तर घट्ट होताना होणाऱ्या प्रसरणाकडेही पाहावे. प्लास्टर आकसत नाही, ते किंचित फुगते, आणि त्यामुळेच साच्यातील बारीक रेषा इतक्या स्पष्ट उमटतात. हायड्रोकॅलचे प्रसरण सुमारे ०.४ टक्के असते, तर अल्ट्राकॅल ३० चे ०.०८ टक्के. तीस सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यात हा फरक जवळजवळ एक मिलिमीटरचा होतो. भिंतींना लावायचे जिप्सम प्लास्टर मात्र स्वस्त मिळाले तरी टाळावे, कारण काम करायला वेळ मिळावा म्हणून त्यात घट्ट होणे लांबवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी तर मुळात प्लास्टरच नव्हे.

भुकटी आणि पाणी दोन्ही वजन काट्यावर तोलून घ्यावीत. वाटी किंवा चमच्याच्या मापावर माझा विश्वास नाही, कारण दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या भुकटीच्या वजनात मोठे अंतर पडते. साच्याला किती मिश्रण लागेल, हे काढण्याची रीत सोपी आहे. आधी साच्यात पाणी भरून ते मोजावे. प्लास्टरच्या कणांची घनता सुमारे २.७ असल्याने शंभर ग्रॅम भुकटी पाण्यात केवळ ३७ मिलिलिटर जागा व्यापते. म्हणजे ७० भाग पाणी घेणाऱ्या प्लास्टरचे शंभर ग्रॅम सुमारे १०७ मिलिलिटर मिश्रण देतात आणि ३० भाग घेणाऱ्या स्टोनचे शंभर ग्रॅम फक्त ६७ मिलिलिटर. त्यावरून शंभर मिलिलिटरच्या साच्यासाठी साध्या प्लास्टरची ९३ ग्रॅम भुकटी आणि ६५ ग्रॅम पाणी लागेल, तर स्टोनची १५० ग्रॅम भुकटी आणि ४५ ग्रॅम पाणी. किमतीची तुलना करतानाही हा हिशेब ध्यानात ठेवावा. किलोमागे दुप्पट वाटणारा स्टोन साच्यामागे त्याहूनही महाग पडतो.

मिसळताना नेहमी पाण्यात भुकटी घालावी, भुकटीत पाणी नव्हे. उलट केल्यास तळाशी कोरड्या गाठी राहतात आणि त्या फोडण्याच्या खटाटोपात हवा आत ओढली जाते. भुकटी गाळणीतून किंवा बोटांतून भुरभुरत पाण्याच्या सगळ्या पृष्ठभागावर सोडावी. वजन काटा हाताशी नसेल, तर पृष्ठभागावर कोरडी बेटे दिसू लागून तो आटलेल्या तळ्याच्या तळासारखा दिसेपर्यंत भुकटी घालत राहण्याची जुनी खूण साध्या प्लास्टरसाठी बऱ्यापैकी चालते. स्टोनसाठी तिच्यावर विसंबू नये. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, ती म्हणजे थांबण्याची. दोन ते चार मिनिटे मिश्रणाला हातही न लावता भुकटीला पाणी पिऊ द्यावे. कणांमधील हवा या वेळात आपोआप वर येते. भुकटी नीट भिजली, की गाठीही फारशा उरत नाहीत आणि ढवळण्याचे काम निम्मे हलके होते.

ढवळणे हे केवळ एकजीव करण्यापुरते नसते. ढवळण्याने नुकतेच जन्मलेले स्फटिक मोडतात, प्रत्येक तुकडा नव्या वाढीचे केंद्र होतो आणि मिश्रण लवकर घट्ट होऊ लागते. म्हणून सपाट पट्टीने, ती पृष्ठभागाखालीच ठेवून, दोन ते तीन मिनिटे संथपणे ढवळावे आणि थांबावे. एकदा दाट होऊ लागलेल्या मिश्रणात पाणी घालून ते पुन्हा पातळ करण्याचा मोह आवरावा, कारण आधीच गुंफले गेलेले स्फटिक त्यामुळे तुटतात आणि ओतीव वस्तू भुसभुशीत होते. भांडे स्वच्छ हवे, ही सूचनाही नुसत्या टापटिपीसाठी नाही. कडेला चिकटलेले जुने प्लास्टर म्हणजे तयार जिप्समचे स्फटिकच, आणि त्यांच्यामुळे नवे मिश्रण हातातच आवळून येते. लवचीक रबरी वाटी यासाठी उत्तम, कारण वाळलेला थर ती नुसती दाबताच सुटून येतो.

घट्ट होण्याचा वेग मुद्दाम बदलायचा असेल, तर चिमूटभर मीठ किंवा थोडी वाळलेल्या प्लास्टरची पूड तो वाढवते, आणि सायट्रिक आम्ल किंवा टाकणखार तो कमी करतो. मिठाला माझा आक्षेप आहे. ते पुढे ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर पांढरे फूल आणते आणि वरचा रंग सोलवटतो. साध्या पाण्याचे तापमान बदलूनही बरेच साधते, कारण सुमारे ४० अंशांपर्यंत पाणी जितके कोमट, तितके प्लास्टर लवकर घट्ट होते.

सिलिकॉन रबराचे साचे पाणी झटकतात, त्यामुळे त्यांच्या बारीक कोपऱ्यांत बुडबुडे अडकून बसतात. भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब घातलेले पाणी साच्यात फवारून जादा ओघळ टिपून घेतले, तर मिश्रण सर्वत्र सहज पसरते. प्रथम मऊ कुंचल्याने पातळ थर सर्व खाचांत पोहोचवावा, मग साच्याच्या एकाच कोपऱ्यातून बारीक धारेने ओतत राहावे, म्हणजे मिश्रण हवेला पुढे ढकलत चढते. त्यानंतर साच्याखालचे टेबल हलकेच थोपटावे. पाठीचा भाग सपाट हवा असेल, तर पृष्ठभागावरची पाण्याची चमक जाताच धातूच्या पट्टीने तो खरवडून काढावा.

साच्यातून वस्तू कधी काढावी, हे घड्याळापेक्षा उष्णता अधिक नेमके सांगते. स्फटिक बनताना उष्णता बाहेर पडते. ओतीव तापून पुन्हा निवू लागले, म्हणजे रासायनिक काम बहुतांशी उरकले असे समजावे. साध्या प्लास्टरच्या बाबतीत हे बहुधा अर्ध्या तासाच्या आसपास घडते. मात्र या वेळी ओतिवाची ताकद वाळल्यावरच्या ताकदीच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते, म्हणून पातळ भाग जपून सोडवावेत आणि तुकडे सर्व बाजूंनी हवा लागेल असे जाळीवर ठेवावेत. वाळवण्याची घाई असल्यास पंखा पुष्कळ. भट्टीत ठेवायचेच असेल, तर तापमान ४५ अंशांपलीकडे नेऊ नये, कारण अधिक उष्णतेने बांधलेले पाणीही सुटू लागते आणि पृष्ठभाग पुन्हा भुकटीच्या वाटेला लागतो. सलग दोन दिवसांचे वजन सारखे भरले, म्हणजे वस्तू वाळली. त्याआधी प्राइमर किंवा लाखेचा थर देऊ नये.

जाडसर गोळ्यातील उष्णता ६० अंशांपलीकडे जाऊ शकते, म्हणून हाताचा किंवा बोटांचा ठसा घेण्यासाठी ओल्या प्लास्टरमध्ये अंग कधीही बुडवू नये. हात अडकला तर गंभीर भाजते. भुकटी चाळताना आणि वाळलेले तुकडे घासताना धुळीचा मास्क लावावा. काही मजबूत जिप्सम सिमेंटांत थोडे पोर्टलँड सिमेंटही असते, त्यांच्यासाठी हातमोजे घालावेत. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये, ते नळीत पाण्याखालीही घट्ट होते. भांड्यातच कडक होऊ द्यावे आणि कचऱ्यात टाकावे. वाटी धुतलेले पाणी बादलीत रात्रभर ठेवले, की गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी ओतून देता येते.

भुकटीचा साठा हवाबंद डब्यात करावा. हवेतील ओलाव्याने तिचे काही कण आधीच जिप्सम होतात. असे कण थोडे असतील तर प्लास्टर अनपेक्षित लवकर घट्ट होते, आणि पुष्कळ झाले की ते रेंगाळते व शेवटी कमकुवत राहते. जुनी पिशवी वापरण्यापूर्वी तिच्यातील पन्नास ग्रॅम भुकटी नेहमीच्या प्रमाणात भिजवून पाहावी आणि पिशवीवर दिलेल्या वेळेत ती घट्ट झाली नाही, तर ती ओतकामासाठी वापरू नये.