वापरलेल्या कपड्यांची शोधनोंद: लेबलं, माया आणि एक राखाडी कोट

या हंगामात शोधायची पद्धतच बदलली. ब्रँडचं नाव टाकून शोधणं बंद केलं. नाव टाकलं की वर येतात ते बहुतेक व्यापारी, किंवा व्यापाऱ्यासारखेच विकणारे. फोटो पुतळ्यावरचे, भाव पक्का, घासाघिशीला जागा नाही. मला हवा असतो तो घर बदलणारा, कपाट रिकामं करायला बसलेला माणूस. त्याला ब्रँडशी काही देणंघेणं नसतं. तो लिहितो, ‘थंडीचा कोट, चांगला आहे, आता बसत नाही.’ मग मीही तेच टाइप करते: थंडीचा कोट, काळं जाकीट, बाबांचा कोट, कपाट रिकामं करायचंय. चुकीचं स्पेलिंगही मुद्दाम टाकून बघते, कारण चुकीच्या स्पेलिंगची जाहिरात इतरांना दिसतच नाही.

डेपॉप, व्हिंटेड अशा खास कपड्यांच्या अ‍ॅपवर साइज, रंग, ब्रँड असे रकाने असतात आणि गिऱ्हाईकही जाणकार असतं. फेसबुक मार्केटप्लेस किंवा क्रेगलिस्टसारख्या ठिकाणी सोफा, सायकल आणि शर्ट एकाच ढिगात पडलेले. कंटाळवाणं आहे, पण चांगला माल ढिगातच मिळतो. अंतराचा फिल्टर मात्र मी लहानच ठेवते. जाऊन हातात घेऊन बघता येणार नसेल, तर जवळच्या बाजारातून घेण्याचा फायदा काय उरला? आगाऊ पैसे नाहीत, भेट दिवसाउजेडी आणि वर्दळीच्या जागी, एवढे नियम पाळले की पुरे.

आता मेसेजबद्दल. ‘कंडिशन कशी आहे?’ हा प्रश्न वाया जातो, उत्तर ‘एकदम मस्त’ हेच येतं. माझा मेसेज ठरलेला आहे: ‘नमस्कार, कोट अजून आहे का? बटणं लावून सपाट पसरलात तर एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत किती भरतो, सांगाल का? आणि आतल्या शिवणीतल्या लेबलचा एक फोटो.’ ज्याने टेप शोधून माप घेतलं, तो माणूस भेटायलाही वेळेवर येतो, हा माझा अनुभव. ‘एल साइज आहे’ एवढंच लिहिणाऱ्याला मी एकदा पुन्हा विचारते, मग सोडून देते. एल म्हणजे कुठल्या देशाचा, कुठल्या काळातला आणि कुठल्या कंपनीचा एल?

मापाची तुलना अंगाशी करू नका, कपड्याशी करा. आपल्याला नीट बसणारा शर्ट, पँट आणि कोट सपाट पसरून मोजायचे आणि आकडे फोनमध्ये टिपून ठेवायचे: बगल ते बगल, खांदा, बाही, लांबी, पँटला कमर, मांडी आणि बैठक (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची). बगलेचं माप ५३ सेंटिमीटर आलं तर कपड्याची छाती १०६. म्हणजे ९६ छातीच्या माणसाला तो शर्ट आरामात बसेल, पण तेवढाच भरणारा जाड कोट स्वेटरवर चढणार नाही. खांदा आणि मुंढा (बाही जोडलेली असते तो घेर) जुळत नसेल तर कपडा कितीही सुंदर असो, सोडा. तिथे शिंप्याने हात घालायचा म्हणजे अर्धा कपडा उसवणं आलं. कमर, बाहीची लांबी, पँटची लांबी मात्र सहज आत घेता येते. बाहेर काढायची असेल तर शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते आधी बघायचं. जुन्या शिवलेल्या पँटींत मागच्या शिवणीला बरीच माया सापडते. हल्लीच्या तयार कपड्यांत बहुधा ओव्हरलॉकच्या (कड उसवू नये म्हणून मशीनने घातलेल्या) टाक्यापुरतीच असते.

लेबलचा फोटो मागण्याचं पहिलं कारण अर्थातच धागा कुठला ते कळावं. दुसरं कारण म्हणजे वय. वूलमार्कचं, म्हणजे लोकरीच्या कपड्यावरच्या शिक्क्याचं चिन्ह १९६४ मधलं, म्हणजे ते असलेला कपडा त्याआधीचा नाही. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं. लीव्हाइस जीन्सच्या मागच्या खिशाला असते त्या लाल पट्टीवर कंपनीच्या नावातलं मोठं (कॅपिटल) ‘ई’ १९७१ मध्ये लहान झालं, पण म्हणून मोठं ‘ई’ दिसताच नाचू नका. जुन्या मॉडेलच्या नव्या आवृत्त्यांवर कंपनी स्वतःच तेच अक्षर लावते. अमेरिकी लेबलांवरचा ‘आरएन’ (नोंदणी) क्रमांकही असाच फसवा. तो कंपनीला दिलेला असतो, त्या कपड्याला नव्हे. कपडा क्रमांक मिळण्याआधीचा नाही, एवढंच त्यावरून ठरतं. एकट्या चिन्हावर भरवसा ठेवू नये. चेन, बटणं, शिवण आणि लेबल चौघांनी एकच गोष्ट सांगितली तर मानावं.

‘एकदाही घातलेलं नाही’ हे वाक्य नकली लेदरच्या जाकिटाखाली दिसलं की मी पुढे जाते. त्यावरचा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर हवेतल्या ओलाव्यानेच तुटत जातो. जाकीट अंगावर असो की कपाटात, त्याला फरक पडत नाही. उलट वर्षानुवर्षं बंद कपाटात राहिलेलं जाकीट पहिल्यांदा घातलं की कॉलरच्या घडीवर आणि कोपरावर पापुद्रे सुटू लागतात. एकदा सुरू झालं की थांबत नाही आणि त्यावर इलाजही नाही. कॉलरच्या आतून बोट फिरवा. चिकट लागलं किंवा बोटाला काळी भुकटी आली तर नमस्कार करून निघा. खऱ्या चामड्याचं तसं नाही. ते कोरडं पडतं, भेगाळतं, पण वेळीच तेलपाणी केलं तर सावरतं.

स्ट्रेच जीन्सबद्दल थोडक्यात: कमरपट्टी ताणून सोडा. ती लाटेसारखी वाकडीच राहिली किंवा कापडातून बारीक पांढरे धागे डोकावत असतील तर आतलं इलास्टेन (ताणणारा धागा) गेलं. शर्टाच्या कॉलरवर फुगे आले असतील तर आतला चिकटवलेला बकरम सुटलाय, इस्त्रीने तो पूर्ववत होत नाही.

तर, राखाडी कोट. लेबलवर ८० टक्के लोकर, २० टक्के नायलॉन. जाहिरातीतल्या पिवळ्या उजेडात तो तपकिरी दिसत होता, म्हणून खिडकीजवळ शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो मागवला. भेटल्यावर आधी कॉलर उलटली. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, अंधारी, न हललेली जागा धरते. कॉलरखाली, खिशाच्या झाकणाखाली, लोकर अस्तराला मिळते त्या कडेला. कॉलरखाली एक आरपार भोक आणि बाजूला केस भादरल्यासारखा विरळ पट्टा, अळीने वरची लव खाल्ली होती. मग कोटाची पाठ उजेडासमोर धरली, तिथे कापड भरीव होतं. अस्तर उजव्या मुंढ्यात बोटभर उसवलेलं, पण फाटलेलं नाही, शिवण फक्त सुटलेली. हे सगळं विकणाऱ्या काकांना दाखवलं. आवाज चढवायची गरज पडली नाही, त्यांनीच भाव उतरवला. बोट ठेवून दाखवलेल्या भोकासारखी घासाघीस नाही.

घरी आल्यावर सुती कपडे पिशवीतून थेट मशीनमध्ये, लेबल परवानगी देत असेल तर ६० अंशांवर. लोकरीला ते चालत नाही. कोट घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर कापडावर दव धरतं. डांबरगोळ्यांचा वास होता. तो धुण्यापेक्षा वाऱ्यावर लवकर जातो, कारण नॅफ्थलीन घनरूपातूनच उडून जातं. घामाचा मुरलेला वास पॉलिएस्टरमध्ये जास्त चिवट, कारण तो धागा अंगाचं तेल धरून ठेवतो. तिथे एन्झाइमवाल्या डिटर्जंटमध्ये भिजत घालणं हाच मार्ग. पण तो डिटर्जंट लोकर-रेशमाला लावू नका, प्रथिनं खाणारं एन्झाइम आहे आणि हे दोन्ही धागे प्रथिनांचेच. आणि व्हिनेगर ब्लीचबरोबर कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो.

कोटाची सध्याची स्थिती अशी: मुंढ्यातलं अस्तर हाताने टाचून झालं. कॉलरखालच्या भोकाला रफू करायला धागा आतल्या मायेतूनच ओढून काढला, रंग तंतोतंत जुळला. समोरचं एक बटण बाकीच्यांपेक्षा किंचित लहान आहे, आधीच्या कुणीतरी बदललेलं. आतल्या खिशाजवळ जादा बटण शिवलेलं असतं, ते इथे गायब आहे. त्यामुळे आता पूर्ण संचच बदलायचा आहे, आणि त्यासाठी मोडीत निघालेला एखादा कोट फक्त बटणांसाठी शोधतेय. सेव्ह केलेल्या सर्चमध्ये शब्द टाकलेत: जुना कोट, अस्तर फाटलेलं.