मिस्टर रॉजर्सची ट्रॉली बनवतोय, पण रंगाआधी चाल

ट्रॉलीची, म्हणजे छोट्या ट्रामची प्रतिकृती म्हटलं की सगळे आधी लाल रंग आणि सोनेरी अक्षरांच्या मागे लागतात, मला मात्र आधी तिची चाल हवीय. 'मिस्टर रॉजर्स नेबरहूड' ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतोय. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी टीव्ही स्टेशनातला हा लहान मुलांचा कार्यक्रम, १९६८ला अमेरिकाभर दिसायला लागला, शेवटचा भाग २००१चा. त्यात ही छोटी लाकडी ट्रॉली सूत्रधार रॉजर्सच्या घरातून निघते, भिंतीतल्या बोगद्यात शिरते आणि थेट कल्पनेच्या राज्यात बाहेर येते. तिला डोळे नाहीत, तोंड नाही, तरी तिथली लेडी ॲबरलिन (कार्यक्रमातलंच एक पात्र) तिला काही विचारते आणि ती जरा पुढे जरा मागे होऊन, घंटा वाजवून उत्तर देते, आणि आपल्याला ते उत्तर कळतं! कार्यक्रमाचे पियानोवादक जॉनी कोस्टा स्टुडिओत शूटिंग चालू असतानाच लाइव्ह पियानो वाजवायचे, त्यामुळे संगीतसुद्धा तिच्या हालचालीशी बोलल्यासारखं वाटतं. इतकं सुंदर काम मी मुलांच्या टीव्हीवर दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तर चाल. खेळण्यातल्या गाड्यांची साधी मोटर बटण दाबलं की एकदम उसळते, ते इथे अजिबात चालणार नाही. म्हणून मी वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणारा गिअर) घेतलाय, कारण त्यात चाकं मोटरला उलटं फिरवू शकत नाहीत, करंट गेला की गाडी जागच्या जागी थांबते, घरंगळत नाही, आणि ते बोटभर पुढे-मागे होणं नेमकं जमतं. स्पीडसाठी पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे व्होल्टेज कमी न करता करंट भराभर चालू-बंद करायचा, त्याने अगदी हळू चालतानासुद्धा मोटरला जोर राहतो. दिशा बदलायला मधे 'बंद' असलेला सहा पिनांचा स्विच, पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी केली की डीसी मोटर उलटी फिरते, बस. रूळ ४५ मिमी गेजचे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं, बागेतल्या रेल्वेवाले वापरतात तेच, पण करंट रुळांतून घेत नाहीये, कारण रुळांवर जरा धूळ बसली की गाडी अडखळते आणि बोलता बोलता मधेच गप्प झालेली ट्रॉली मला बघवणार नाही. बॅटरी बॉडीतच बसेल, छप्पर उचलून बदलता येईल असं करतोय.

मापं जुन्या भागांचे सीन थांबवून घेतली, फक्त सरळ बाजूने दिसते तेव्हाची, तिरक्या कोनातून खिडक्यांची रुंदी चुकीची येते. खिडक्यांमधले खांब जाड झाले की ती दुसरीच कुठली तरी ट्राम दिसते, म्हणून ते बर्चच्या पातळ प्लायचेच. छपरावरची पाटी मात्र हातानेच रंगवणार, छापील स्टिकर नाही, लाकडी गाडीवर ते शोभत नाही.

सध्या नुसती चौकट रुळांवर फिरतेय, आता घंटा कंट्रोलरला जोडायची.