बीएस्सी, पण नक्की कशात?

हा प्रश्न मला प्रत्येक लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय. 'फिजिक्स, पण एसवायपर्यंत केमिस्ट्री आणि मॅथ्सही, शिवाय टीवायला अप्लाइड कम्पोनंट म्हणून इलेक्ट्रॉनिक्स', एवढं सांगेपर्यंत विचारणारे काका मठ्ठ्याकडे वळलेले असतात. नोकरीच्या पोर्टलांचंही तेच. 'डोमेन' एकच निवडा म्हणतात. मी दर वेळी 'इतर' निवडायचो, आणि 'इतर'ला कोणी फोन करत नाही. एका स्टार्टअपने तर चार दिवसांची असाइनमेंट करून घेतली आणि नंतर मेसेजला साधी निळी खूणही नाही.

मग पोर्टल सोडलं. पवईच्या आयआयटीत २००४ पासून 'साइन' हे इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र आहे. तिथल्या कंपन्यांची नावं चाळली तेव्हा कळलं, सगळेच काही अ‍ॅप बनवत नाहीत. सेन्सर, मशीन बनवणारेही आहेत. तशाच कंपन्या शोधून थेट मेल टाकायला लागलो. सीव्हीऐवजी टीवायच्या प्रोजेक्टचा फोटो: लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एलईडी, त्याच्याशी काटकोनात एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर), मध्ये पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात गढूळ पाणी. सोबत ग्राफ. ग्राफ सरळ रेषेत नव्हता, तेही लिहिलं.

बोलावणं आलं मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधून. भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. गाळ्यात माणसं पाच, पंखे दोन, वर पत्रा. पाणी तपासायचं यंत्र बनवत होते. इंटरव्ह्यू असा नव्हताच. मालकाने, म्हणजे माझ्याहून जेमतेम सहा वर्षांनी मोठ्या मुलाने, पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते मोजायचा प्रोब पुढे सरकवला. "सकाळी केबिनमध्ये बरोबर दाखवतो, दुपारी बाहेर आणला की चुकतो. प्रोब खराब असेल?"

मी आधी सातच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ठरलेल्या द्रावणात बुडवला. सातच. मग चारच्या. ३.९.

प्रोब खराब असता तर सातलाही गडबडला असता, निदान मला तसं वाटलं. एसवायच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलं नर्न्स्टचं समीकरण आठवलं, प्रोबचं व्होल्टेज तापमानाप्रमाणे बदलतं सांगणारं: २५ अंशाला एका पीएचमागे साधारण ५९ मिलिव्होल्ट, ३५ ला ६१. सातपाशी व्होल्टेज शून्याच्या आसपास, म्हणून तिथे फरक दिसत नाही. जितकं लांब जाल तितका वाढतो. "कोडमध्ये तापमान कुठून घेता?" त्याने लॅपटॉप उघडला. तापमान २५ ठोकलेलं होतं. केबिनमध्ये एसी, आणि पत्र्याखाली भर मे महिना.

तापमानाचा सेन्सर बसवायला एक दिवस लागला. (पहिल्यांदा वायर उलटी जोडली, ते त्यांना अजून माहीत नाही.)

पगार फार नाही. पहिले तीन महिने स्टायपेंडच. आईने विचारलं, "पण काम काय करतोस तिथे?" म्हटलं, सोल्डरिंग करतो, बफर बनवतो, कोड बघतो, कुरियरही देऊन येतो.

"म्हणजे नक्की काय?"