फ्रेमच्या काचेआडची मुंबई

हॉलसाठी मूळ चित्र परवडणारं नव्हतं, म्हणून प्रिंट. आधी मोह झाला तो राजा रविवर्म्यांचा. त्यांनी १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. त्यामुळे ती चित्रं आपल्याच घरची, असं मला उगीचच वाटत आलंय. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर अशा तसबिरी टांगलेल्या असतात आणि प्रत्येकजण ‘ओरिजिनल’ म्हणतो. मी भिंग नेलं होतं. जुन्या दगडी छपाईतले रंगाचे ठिपके हाताने उठवलेले, त्यामुळे वेडेवाकडे दिसतात. ऑफसेटचे, म्हणजे आजच्या यंत्रछपाईचे, जाळीसारखे एका मापात बसतात. भिंग बाहेर काढल्यावर एका चाचांनी किंमत आपणहून उतरवली! जी एक खरी वाटली, तिला मागून वाळवी लागली होती.

शेवटी जे. जे.त शिकलेल्या एका मुलीचं वुडकट घेतलं, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेलं चित्र. परळच्या चाळीचा जिना, फक्त काळ्या शाईत. खालच्या कडेला पेन्सिलने सही आणि १२/३०, म्हणजे तीस प्रतींतली बारावी. तिसावी निघाली की ठोकळ्यावर आडवी रेघ मारते, म्हणाली, म्हणजे एकतिसावी निघायला नको.

खरी डोकेदुखी फ्रेमची. आमच्या इथला फ्रेमवाला प्रिंट थेट काचेला टेकवायला निघाला होता. मुंबईच्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो, सोडवताना शाई निघून येते, आणि मधल्या ओलीत बुरशी धरते ती वेगळीच. मध्ये माउंट, म्हणजे चित्राला काचेपासून लांब ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तोही ॲसिड-फ्री; साधा पुठ्ठा कागदावर पिवळी कड उमटवतो. मग वाद झाला तो डिंकाचा.

“ताई, मागून पूर्ण नाही चिकटवलं तर लाटा येतील.”

येऊ देत. हवेतली ओल वाढली की कागद फुगणारच, त्याला हलायला जागा नको का? फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. पुढेमागे पाण्याने सुटतात. खळ घरी मीच शिजवून नेली. तो हसला, पण काम नीट केलं. अल्ट्राव्हायोलेट अडवणाऱ्या काचेचा भाव ऐकून साधीच घेतली, कारण आमच्या हॉलमध्ये थेट ऊन येतच नाही. एवढं करून फ्रेमचा खर्च प्रिंटच्या निम्म्याच्या वर गेला. नवऱ्याला तो अजून पटलेला नाही.

जागेवरून मात्र मी ऐकलं नाही. सोफ्यामागची भिंत दिसायला सगळ्यात छान, पण ती पश्चिमेची, बाहेरची. जुलैत तिच्यावर पोपडे येतात. चित्र आतल्या भिंतीवर गेलं, मागे चारही कोपऱ्यांना रबरी बुचं लावून, हवा खेळती राहावी म्हणून. सासूबाईंचं म्हणणं, जिना आहे तर निदान दाराजवळ तरी लावायचा.