कुडातली कारवी, खरवडीचा शिंपला

आजीच्या घरी, अकोले तालुक्यात, चुलीमागची भिंत कुडाची होती. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीने लिंपायचं. त्याच भिंतीच्या फटीत प्रवरेतला शिंपला खोचलेला असे. दुधाच्या पातेल्याची खरवड काढायला आजीला चमचा चालायचा नाही. खरवडीवरून आम्हा भावंडांच्या किती मारामाऱ्या झाल्या, ते राहू दे.

परवा भाचीने तसाच शिंपला हातात घेतला, वरच्या रेघा मोजल्या आणि विचारलं, "मामा, हा कितवीत असेल?"

शिंपला वाढतो तशी कडेला रेघ उमटते, पण प्रत्येक रेघ वर्षाचीच असते असं नाही. कारवीचा हिशेब जास्त चोख. सात वर्षं नुसती पानं, मग सगळा डोंगर एकदम जांभळा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर आठ वर्षांचा फेरा आहे: २००८, २०१६, २०२४. फुलून बी धरलं की झुडूप वाळतं. वाळकी बोंडं ओल लागली की तडतडतात आणि बी उडतं.

फुलाला माशी लागते, पण ती मध घेऊन जाते, म्हणजे मजुरी चुकती. शिंपल्याचा कारभार जरा लबाडीचा. मादी पिल्लं आपल्या कल्ल्यांत सांभाळते आणि पाण्यात सोडते. ती माशाच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटतात, काही दिवस तिथेच वाढतात आणि मग गाळात उतरतात. मासा बिचारा फुकटचा हमाल. पण तो हमालच नदीतून गेला तर शिंपल्याचा वंश खुंटतो, आणि वरून काहीच कळत नाही. मोठे शिंपले गाळात रुतून पाणी गाळत बसलेले असतातच. वाळलेल्या कारवीचा उतार मेल्यासारखा दिसतो, खाली मात्र बी पडलेलं असतं.

मे महिन्यात डोहावर गेलो. भाचीने गुडघाभर पाण्यात हात घालून नऊ शिंपले काढले, सगळे तळहाताएवढे. बोटाच्या पेराएवढा एकही मिळेना. तासभर गाळ चाळला. जिवंत होते ते परत ठेवले.

एक रिकामा तिने खिशात टाकला, खरवडीसाठी. घरचं पातेलं नॉनस्टिक आहे, हे मी काही बोललो नाही.